नित्य एक छायाचित्र : जबलपूरच्या वास्तू आणि नर्मदातीर

कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ. स. ११५५. या वर्षी भेडाघाट येथे अल्हणदेवी नावाच्या विधवा राणीने एक शिवालय बांधविले. मेवाडच्या गुहिल कुळातील ही राजकन्या राजा गयाकर्णाची पत्नी होती, आणि तिचा पुत्र नरसिंहदेव त्या वेळी त्रिपुरीच्या गादीवर होता. देवास वैद्यनाथ असे नाव देऊन राणीने देवालयाच्या जोडीला एक मठ, एक व्याख्यानशाला आणि उद्यानही करविले, त्यांच्या खर्चासाठी दोन गावे लावून दिली, आणि ही सारी हकीकत शशिधर नावाच्या कवीकडून संस्कृत श्लोकांत रचवून शिळेवर कोरविली. आज भेडाघाटास जाणाऱ्याला मठ दिसत नाही, व्याख्यानशाला दिसत नाही, उद्यानाची तर गोष्टच नको. ती शिळाही तेथे नाही. ती अमेरिकेत न्यू हेवन येथे, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली.

असे झाले त्याचे कारण फिट्झएडवर्ड हॉल हा पंडित. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावी जन्मलेला हा अमेरिकन गृहस्थ संस्कृताचा व्यासंगी होता, आणि सागर-नर्मदा प्रांतात शाळा-तपासनीस म्हणून नोकरीस होता. १८५७ च्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात अडकून पडलेल्यांतही तो होता. त्याने हा लेख प्रथम प्रसिद्ध केला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ज्यांनी पंधरा वर्षे संस्कृत शिकविले त्या कीलहॉर्न यांनी त्याचे पुन्हा संपादन केले. आणि १९५५ साली आपल्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी कलचुरींच्या साऱ्या लेखांचा महाग्रंथ सिद्ध केला, त्यात त्यास कायमचे स्थान मिळाले. देवगड तालुक्यातील कुवळे गावी जन्मलेला आणि नागपुरात अध्यापन केलेला एक मराठी विद्वान या जबलपूरच्या राजघराण्याचा इतिहास लावून देतो, ही गोष्ट येथील मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पण आम्हास सांगावयाचे आहे ते निराळेच. वास्तू पडली, शिळा परदेशी गेली. तरी अल्हणदेवीची व्याख्यानशाला आपणास ठाऊक आहे, कारण तिच्याविषयी जे कोरले होते त्याची कोणीतरी वेळेवर प्रत केली.

आमच्या नित्याच्या छायाचित्रांमागे एवढाच विचार आहे. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्या होत होत आम्ही जबलपुरास येऊन पोहोचलो आणि शहराच्या उत्तर भागात, गोहलपूर येथे, भाड्याचे घर घेऊन राहिलो. मराठी मंडळी बहुधा राइट टाउन, नेपियर टाउन अथवा मदनमहाल या बाजूस राहतात. आम्ही गोहलपुरास बिऱ्हाड केले हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले. दाट वस्तीचा, अरुंद गल्ल्यांचा, उंबऱ्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायाबापड्यांचा हा मोहल्ला प्रवासवर्णनांत कोठेच येत नाही. म्हणूनच की काय, तेथून आरंभ करावा असे मनाने घेतले. १ जानेवारी २०१९ पासून आम्ही दररोज एक, आणि एकच, छायाचित्र काढीत आलो आहोत. विषय दोनच: जुनी वास्तू किंवा नदीचा काठ. सरकारी नोकरीत आवक-जावक नोंदवहीची जी सवय हाडीमासी खिळते ती येथे उपयोगी पडली. प्रत्येक छायाचित्रास क्रमांक, दिनांक, वेळ, जागा आणि कोणत्या दिशेस तोंड करून ते काढले, हे लिहून ठेवायचे. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात पुष्कळदा ‘कालच्याप्रमाणेच’ एवढेच लिहिलेले आढळेल. सुंदर छायाचित्रे काढणारे या शहरात पुष्कळ आहेत. आमची छायाचित्रे सुंदर असावीत असा आमचा आग्रहच नाही. ती खरी आणि सलग असावीत, एवढेच पाहतो.

वास्तूंची छायाचित्रे घेण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही आणि तो केवळ साहेबांचाही नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळात होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. लेण्यांची व देवळांची छायाचित्रे घेण्यासाठी मुंबई सरकारने १८५५ साली कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक केली. पण या संदर्भात आम्हास नेहमी आठवतो तो मेजर रॉबर्ट गिल. १८४४ सालापासून तो अजिंठ्यास राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला करीत होता. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. मधल्या काळात गिलच्या हाती कॅमेरा आला होता. लेण्यांची त्याने काढलेली छायाचित्रे १८६४ सालीच ग्रंथरूपाने छापली गेली होती, म्हणून ती वाचली. त्यानंतरही तो थांबला नाही; १८७९ साली भुसावळ येथे मरण येईपर्यंत त्याचे सारे आयुष्य अजिंठ्याच्या परिसरातच गेले.

गोहलपूरच्या एका बाजूस हनुमानताल आणि दुसरीकडे अधारताल. जबलपूर हे तळ्यांचे गाव. गोंड राजवटीत ही तळी खोदली गेली. राणी दुर्गावती, जी २४ जून १५६४ रोजी मोगलांशी लढताना नर्रई नाल्याजवळ पडली, तिच्या नावाने रानीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल, आणि मंत्री अधारसिंह कायस्थ याच्या नावाने अधारताल, अशी परंपरा सांगतात. यांपैकी अधारताल आणि हनुमानताल अजून पाणी धरून आहेत. रानीतालावर क्रीडासंकुल उभे आहे, चेरीताल ही नुसती वस्ती झाली आहे, आणि भंवरतालाचे उद्यान झाले आहे. नावात ताल, खाली घरे! येथे वाढलेल्या मुलाला ‘ताल’ म्हणजे वस्तीच्या नावाचा शेवट, असेच वाटत असल्यास त्याचा काय दोष? हनुमानतालाच्या काठचे किल्ल्यासारखे दिसणारे जैन मंदिर, त्याची शिखरे आणि पाण्यातील त्याचे प्रतिबिंब आम्ही सर्व ऋतूंत टिपले आहे. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर येतो आणि प्रतिबिंब नाहीसे होते. किती दिवस नाहीसे राहते, ते नोंदवहीत पाहता येते.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलून टाकतो. आपल्यातील पुष्कळजण मोठ्या उत्साहाने सांगतात की येथे एके काळी आपले राज्य होते. ते खरे आहे. गोविंदपंत बुंदेल्यांनी उभारलेल्या सागरच्या मराठी सत्तेने १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य घेतले. शेवटचा गोंड राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला. १७९८ साली पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले, आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर तीन आठवड्यांनी, १९ डिसेंबर १८१७ रोजी, जनरल हार्डीमनने जबलपूर घेऊन हा अध्याय संपविला. म्हणजे उणीपुरी छत्तीस वर्षे. या छत्तीस वर्षांचे आम्ही छायाचित्र कशाचे काढावे? नागपुरात भोसल्यांची देवळे आहेत, सागरात किल्ला आहे. जबलपूर मात्र त्यांच्या लेखी वसुलीचे ठाणे राहिले. इंग्रज लेखकांनी या अंमलाविषयी फार कडवट लिहिले, त्यात त्यांचा स्वार्थ होता हे मान्य. आपल्या राज्याचे गोडवे गाण्यासाठी आधीच्याला काळे फासणे ही जुनी रीत आहे. परंतु ज्याने हे नगर भोगले त्याने येथे काय बांधले, हा प्रश्न इंग्रजाने विचारला म्हणून खोटा ठरत नाही. गोंडांनी तळी दिली, कलचुरींनी देवळे दिली. भेडाघाटच्या टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय दहाव्या शतकाच्या अखेरचे मानतात; नाव चौसष्ट, पण मूर्तींची संख्या ऐंशीच्या घरात आहे आणि पुष्कळींच्या पीठावर त्यांची नावे कोरलेली आहेत. हात तुटले, नाके तुटली, तरी नावे वाचता येतात.

मराठी माणसाचा या शहराशी खरा, कष्टाचा संबंध जडला तो राज्य गेल्यानंतर. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर. तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, आणि कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर यांची ये-जा चालू होती. १९२३ सालचा झेंडा सत्याग्रह जबलपूरच्या टाउन हॉलवर सुरू झाला आणि नागपुरात जाऊन पेटला. १९३९ च्या मार्चमध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते. मिरवणुकीत बावन्न हत्तींच्या रथावर त्यांच्याऐवजी त्यांचे छायाचित्र विराजमान झाले! त्या अधिवेशनाची आठवण म्हणून शहरात कमानिया गेट उभे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. १८९९ साली बांधलेल्या, लाल-पांढऱ्या भव्य इमारतीत ते बसले. नागपुराहून न्यायमूर्ती हिदायतुल्ला मुख्य न्यायाधीश म्हणून आले, आणि न्यायालयामागोमाग कित्येक मराठी कुटुंबे आपली पितळी भांडी, देवघर आणि झोपाळ्याच्या कड्या घेऊन आली. आपल्या मंडळातील अनेक घराण्यांचा जबलपूरचा इतिहास त्या वर्षापासून मोजला जातो.

ती आली कशी? पुष्कळशी गोंदियाहून छोट्या गाडीने. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर हा अरुंद मापाचा मार्ग १९०५ च्या सुमारास पुरा झाला. मुंबई-कलकत्ता हमरस्ता जबलपुरावरून १८७० सालीच जोडला गेला होता. पण भंडारा-गोंदियाकडील माणसाला आपली वाटे ती ही छोटी गाडी. सातपुड्याच्या चढणीवर ती इतकी हळू चाले की उतरून पळसाची फुले तोडून पुन्हा चढावे, असे वडीलधारे सांगतात. २०१५ साली ती बंद झाली. आता त्याच मार्गाने ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात, वेळ वाचतो, आणि कोणाची तक्रार नाही. हाउबाग स्थानकाची छायाचित्रे आमच्या संग्रहात आहेत, पण तेथे गाडी उभी असलेले आमच्यापाशी एकही नाही, कारण आमचा उपक्रम गाडी गेल्यावर चार वर्षांनी सुरू झाला. कोणाच्या घरी असे छायाचित्र असेल तर आमच्या शंभर छायाचित्रांहून ते मोलाचे आहे.

दररोज काढलेल्या छायाचित्राचा गुण एकट्या छायाचित्रात नसतो. याची प्रचीती दोन वेळा आली. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि आमचे पाऊल गोहलपूरच्या गच्चीबाहेर पडेना. नियम मोडावयाचा नव्हता. म्हणून समोरच्या गल्लीतील एक जुने कौलारू घर रोज टिपले. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला. पुढे मात्र सावली कोणत्या दिवशी कोणत्या खिडकीपर्यंत येते, कौलांवर गवत केव्हा उगवते, कोणते कौल केव्हा घसरते, हे दिसू लागले. घर पडते ते एका दिवसात नव्हे. कौल सरकते, पाणी मुरते, वासा कुजतो, आणि मग एके दिवशी भिंत बसते. वर्तमानपत्रात मात्र ‘जुनी भिंत अचानक कोसळली’ असे येते.

दुसरा प्रसंग राइट टाउनमधील. १९५६ नंतर आलेल्या एका मराठी कुटुंबाचे घर विकले गेले आणि पाडावयास घेतले. पुढे ओटा, मागे आड, अंगणात तुळशीवृंदावन. घरची मुले पुण्यास आणि परदेशी. दोष कोणाचाच नव्हता. आम्ही तेवीस दिवस सकाळी सातला रस्त्याच्या त्याच कोपऱ्यावर उभे राहून एकेक छायाचित्र घेतले. छप्पर उतरले, मग माजघराची निळी भिंत उघडी पडली. तीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या आणि प्रत्येकीपुढे साल होते. सर्वांत खालची १९६१ ची. मुकादम भला माणूस होता, त्याने ती भिंत दोन दिवस राखून ठेवली. ही छायाचित्रे आम्ही त्या कुटुंबातील वडील भगिनीकडे धाडली. त्यांचा दूरध्वनी आला. त्या घराविषयी फारसे बोलल्या नाहीत. १९६४ ची खूण नीट दिसते का, एवढेच विचारले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात धाकटा भाऊ गेला होता, त्याची ती शेवटची खूण. छायाचित्र मोठे करून पाहिले. खूण होती.

दगडी वास्तूंना निराळी भीती असते. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या शहरात चाळीसच्या आसपास माणसे दगावली आणि असंख्य घरांना तडे गेले. मदनमहालाच्या टेकडीवरील, दुसऱ्या शिळेवर नाममात्र टेकलेली ती प्रसिद्ध शिळा मात्र जागची हलली नाही. भूकंपाला जे साधत नाही ते जीर्णोद्धाराला साधते. घाटावरच्या जुन्या मढियांना स्नानगृहातल्यासारख्या चकचकीत फरश्या बसविलेल्या पाहिल्या की भाविकांच्या श्रद्धेबद्दल आदर बाळगूनही जीव कळवळतो. मूळ दगडावरील नक्षीचे, अक्षरांचे छायाचित्र फरशी बसण्यापूर्वी एकदा तरी घ्या, अशी विनंती आम्ही दोन ठिकाणी केली. एका ठिकाणी ती मानली गेली.

आता नर्मदा. गोहलपुराहून ग्वारीघाट दहा-बारा किलोमीटर. आठवड्यातून दोनदा तरी तेथे जाणे होते. पात्रात एक छोटे देऊळ आहे, तेच आमचे मोजमाप. त्याच्या किती पायऱ्या उघड्या आहेत हे छायाचित्रात मोजायचे आणि शेऱ्यात लिहायचे. श्रावणात देऊळ गळ्यापर्यंत बुडते, कधी कळसही दिसेनासा होतो. भेडाघाटचा धुवांधार तर ऐन पुरात नाहीसाच होतो: खालचे पाणी इतके चढते की धबधब्याला पडावयास जागाच राहत नाही. हिवाळ्यात गेलेला पाहुणा तेथील तुषार पाहून धन्य होतो. नदीचे ते एकच रूप आहे, हे त्याला कसे कळणार? संगमरवरी कडे, लम्हेटाघाटचे खडक, १८२८ साली जबलपूरच्या टेकडीवर स्लीमनला सापडलेली महाकाय प्राण्यांची अश्मीभूत हाडे, या सर्वांमुळे हे खोरे जगाच्या नजरेत आहे. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर २०२१ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आला.

परंतु ही नदी आपल्या आजोबांनी पाहिलेली नदी नाही. बरगीचे धरण १९९० साली पुरे झाले. तेव्हापासून ग्वारीघाटच्या पायऱ्या पावसाच्याच नव्हे तर धरणाच्या दरवाजांच्याही हुकमाने बुडतात आणि उघड्या पडतात. आकाश निरभ्र असता पाणी चढल्याच्या नोंदी आमच्या वहीत आहेत. धरणाच्या जलाशयात १६२ गावे बाधित झाली. त्यांतून परिक्रमेची जुनी वाट जात होती. टेंबेस्वामींच्या काळापासून मराठी मुलखातून किती परिक्रमावासी ‘नर्मदे हर’ म्हणत त्या वाटेने गेले असतील. आज त्यांना जलाशयाला वळसा घालून जावे लागते. बुडालेल्या वाटेवरील धर्मशाळा, पार, सदावर्ताच्या पडव्या, यांपैकी ज्याचे छायाचित्र कोणी घेतले तेवढेच आता पाहता येते. धरणाने शेतीला पाणी दिले, वीज दिली, हे आम्ही नाकारीत नाही. सरकारी नोकर असून नाकारणार तरी कसे! पण नकाशावर निळा रंग भरण्यापूर्वी त्या १६२ गावांत एखादा माणूस कॅमेरा घेऊन वर्षभर हिंडला असता, तर विस्थापितांच्या नातवंडांना आपले गाव दाखविता आले असते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या कपाटातील जुनी छायाचित्रे आम्ही पाहिली. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, सहली. सर्वांत माणसे आहेत, आणि माणसांच्या मागे, कोणाच्याही लक्षात न येता, जबलपूर आहे: भेडाघाटच्या सहलीत कठडा नसलेला कडा, गोलबाजारातील एका छायाचित्रात टांग्यांची रांग. १९८० पूर्वीच्या तिलवाराघाटच्या एका चित्रात नदीची पातळी मोजता येते, इतके ते स्पष्ट आहे. आमच्या नोंदवहीत त्यासाठी स्वतंत्र पाने राखली आहेत, आणि त्यांतील पुष्कळ रकाने रिकामे आहेत.

तेव्हा वाचकांस एवढीच विनंती. आपल्या घरी ट्रंकेत, अल्बममध्ये, देवघराच्या फळीवर अशी छायाचित्रे असतील. मग ती लग्नाची असोत, मुंजीची असोत की नव्या सायकलीबरोबर काढलेली असोत. ज्यात मागे एखादी भिंत, घाट, फाटक किंवा नदीचा काठ दिसतो, असे कोणतेही चालेल. मागील बाजूस साल आणि जागा पेन्सिलीने लिहावी, शाईने नको. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. तेथल्या तेथे प्रत करून घेऊ आणि मूळ छायाचित्र त्याच वेळी परत हाती देऊ.